जॉब कार्डाची मागची बाजू : कुर्ल्याच्या गॅरेजमधल्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

गॅरेज कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत. दोन लिफ्ट, एक पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा), डेंटिंग-पेंटिंगचा एक कोपरा. दिवसाला सात-आठ गाड्या. बाबा, उस्ताद, दोन मेकॅनिक, डेंटर, पेंटर, दोन हेल्पर, स्टोअर बघणारे मामा, आणि हिशेब-बिलं बघणारी मी. एकूण दहा.

कागदी जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि केलेलं काम लिहायचा कागद, बंद करायचं आज ठरलं. निमित्त शनिवारचं. वॅगन-आर डिलिव्हरीला उभी, गिऱ्हाईक काउंटरवर घड्याळ बघतंय, आणि कार्ड सापडेना. पाऊण तास गेला. शेवटी उस्तादांनी केलेलं काम तोंडी सांगितलं आणि मी बिल केलं. कार्ड संध्याकाळी दुसऱ्याच गाडीच्या डॅशबोर्डवर मिळालं, त्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग. पुढचे ब्रेक पॅड बिलात घालायचेच राहिले होते. १,४५० रुपये गेले. "आता फोन करून मागू नकोस, बरं दिसत नाही," बाबा म्हणाले.

कार्डाचं पुस्तक ५० पानी, कार्बन घालून लिहायचं. पांढरा कागद गाडीबरोबर फिरतो, गुलाबी पुस्तकात राहतो. जूनमध्ये अशी चार पुस्तकं संपली. माळ्यावर जुने गठ्ठे आहेत, ते रद्दीत घालू का म्हणून सीएला विचारलं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, म्हणाले. म्हणजे गठ्ठे राहणार. २००५ च्या आधीचे नाहीतच. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आमचा सगळा तळमजला मिठी नदीच्या पाण्यात होता. "गाड्या सुकवल्या, कागद कुठे सुकवणार?" हे बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे.

९ जुलै

गूगल फॉर्म बनवला. जॉब कार्ड समोर ठेवून एकेक रकाना उतरवला: गाडी नंबर, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, स्टेपनी, जॅक, मॅट, स्टिरिओ, तक्रार, अंदाजे खर्च, कधी देणार. दोन तासांत तयार. फार खूश होते. ही नोंद मुद्दाम ठेवते आहे, पुढे वाचताना लाज वाटावी म्हणून.

१४ जुलै

फॉर्म बाद.

फॉर्म एकदा भरून पाठवला की संपला. जॉब कार्ड मात्र दिवसभरात सहा-सात वेळा भरलं जातं. सकाळी तक्रार, अकराला उस्तादांचं निदान, बाराला मामांनी दिलेले पार्ट, दुपारी गिऱ्हाइकाशी बोलून वाढलेलं काम, संध्याकाळी ट्रायल. पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडायची लिंक असते, पण ती कोण कुठे जपून ठेवणार? पोरांनी दर वेळी नवा फॉर्म भरला. आठवड्याभरात ३९ गाड्यांच्या ११२ ओळी झाल्या. फोटोची अडचण वेगळीच. फॉर्ममध्ये फाइल चढवायची तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन असावं लागतं. डेंटरला पासवर्ड आठवत नाही, पेंटरचं खातं त्याच्या मेव्हण्याने उघडलेलं.

पाच दिवस वाया. तुम्ही करणार असाल तर फॉर्मच्या वाटेला जाऊ नका.

२१ जुलै

अ‍ॅपशीटवर आलो. कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं हे गूगलचंच साधन. पाठीमागे गूगल शीटच असतं, पण तीच ओळ कोणीही पुन्हा उघडून पुढे भरू शकतो आणि नेट नसलं तरी नोंद फोनमध्ये थांबते. दहा माणसांपर्यंत चाचणीसाठी फुकट, आणि आम्ही बरोबर दहा. शिकायला यूट्यूब आणि तीन रात्री लागल्या. आठ इंची जुना टॅब ६,८०० ला घेतला, शिवाय घरचे दोन निवृत्त मोबाइल.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की अ‍ॅप फोटो बारीक करून चढवतं. दारावरचा ओरखडा दिसेना. तो दिसावा म्हणून तर फोटो काढायचा, नाहीतर घेऊन जाताना "हा तुमच्याकडेच पडला" ऐकायची वेळ येते. सेटिंगमध्ये फोटोचा आकार वाढवला. आता ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी किती महिने पुरतात ते बघायचं.

२३ जुलै

गाडी नंबरात चुका होत होत्या म्हणून मी शहाणपणा करून नियम घातला: सुरुवातीला 'एमएच', मग दोन आकडे, मग अक्षरं, मग चार आकडे. बसत नसेल तर नोंद पुढे जाणारच नाही. दुपारी एका बँक अधिकाऱ्याची गाडी आली. भारत सिरीज, म्हणजे कोणत्याही राज्यात चालणारा नंबर! तिच्यात आधी वर्षाचे दोन आकडे, मग 'बीएच', मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं. अ‍ॅप नंबर घेईना, मी बँकेत गेलेले. हेल्परने काय करावं? आमच्याच स्कूटरचा नंबर टाकून गाडी आत घेतली. संध्याकाळी शीटमध्ये आमच्या स्कूटरचा एसी गॅस भरलेला.

नियम काढला. एकच ठेवला: नंबरात आय आणि ओ ही अक्षरं आली तर सूचना द्यायची. सिरीजमध्ये ती देतच नाहीत, त्यामुळे ओडिशाचा 'ओडी' सोडला तर जिथे दिसतील तिथे एक किंवा शून्यच असणार.

दुसरी भानगड शून्याचीच. आमच्याकडे गाडी शेवटच्या चार आकड्यांनी ओळखतात, म्हणून त्यांचा वेगळा रकाना केला होता. शीटने ०७८६ चं ७८६ केलं आणि ००४५ चं ४५. "पैंतालीस कौन सी गाडी है?" म्हणून उस्ताद सगळीकडे बघत होते. रकाना साध्या मजकुराचा केला, झालं.

किलोमीटर सक्तीचे केले होते, तेही सैल केले. आठवड्यात सहा गाड्या बरोबर ११,१११ किलोमीटरवर आल्या होत्या.

२९ जुलै

आज जे कळलं ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

उस्ताद टॅबला हात लावत नाहीत हा माझा राग होता. पन्नाशी उलटलेली, बोटं ग्रीसने भरलेली. त्या बोटाने काच ऐकत नाही, आणि प्रत्येक नोंदीसाठी हात धुवायचे तर दिवसाची साबणाची वडी संपेल. मी बोलून टाइप करायचा माइक दाखवला. कॉम्प्रेसर सुरू असताना त्याला काही कळेना म्हणून ते गेटबाहेर चहावाल्यापाशी जाऊन बोलले, "लोअर आर्म की बुश गई है." आलं, "लो आराम की बुश गई है." टाय रॉडचं 'टायर और' झालं. पोरांनी दिवसभर 'लो आराम' धरून ठेवलं. उस्तादांनी टॅब माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, मेरा वो पुराना कागज दे दो."

म्हणून गुलाबी प्रतींचं पुस्तक सोडून मी पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा काढून बसले. पुढची बाजू मी फॉर्ममध्ये उतरवली होती, पण कार्ड उलटून कधी बघितलंच नव्हतं. कार्बन मागच्या बाजूला नसतो, त्यामुळे ती गुलाबी प्रतीत उतरतही नाही. सगळं तिथे होतं. एका कार्डावर चार गोल, त्यातल्या डाव्या पुढच्या गोलाला बाण आणि शेजारी 'खड्डे में टक'. दुसऱ्यावर 'इस टाइम चलेगा, दिवाली में डालना'. एका कोपऱ्यात 'पिछला मेकॅनिक बोल्ट स्लिप किया, अपना नहीं'. एकावर नुसतं 'शेठ को पूछना'. छापलेल्या रकान्यांत बिलापुरतं आणि मागे गाडीची तब्येत. मी बिल डिजिटल केलं होतं.

दोन तास विचार करून मामांच्या डोक्यातून उपाय निघाला: पाटी. शाळेच्या पाट्या ७० रुपयांना एक, पाच आणल्या. दोन लिफ्टना दोन, पिटला एक, डेंटिंगला एक, एक जास्तीची. खडूला ग्रीस चालतं. उस्ताद पाटीवर लिहितात, चित्र काढतात. गाडी लिफ्टवरून उतरताना हेल्परने पाटीचा फोटो त्या गाडीच्या नोंदीत टाकायचा आणि मग पुसायची.

१ ऑगस्ट

पाटीवर गाडी नंबर नसतो. दोन फोटो चुकीच्या गाड्यांना गेले. आता पाटीच्या वर ऑइल पेंटने चौकट आखली, त्यात शेवटचे चार आकडे आधी लिहायचे. चौकट रिकामी असेल तर हेल्परने फोटो काढायचा नाही.

मामांनी शीटमध्ये हाताने '०५/०८' टाकलं, शीटने ८ मे केलं. सेटिंगमध्ये देश अमेरिका होता. भारत केला. हे पहिल्या दिवशी करा.

१२ ऑगस्ट

३,४०० रुपयांचा धडा. एका सेडानचं क्लचचं काम वाढलं. अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, "ओके" आलं, काम झालं. मालक आले आणि म्हणाले, मला विचारलंच नाही. ओके ड्रायव्हरचं होतं, कारण गाडी त्याने आणली आणि नोंदीत नंबर त्याचा. मालकांचंही चुकलं म्हणवत नाही. अर्ध्यावर तोडलं.

कागदावर हे झालं नसतं. 'शेठ को पूछना' चा अर्थ हाच होता. आता दोन रकाने आहेत: गाडी कोणी आणली आणि पैसे कोण देणार. मंजुरीचा मेसेज फक्त दुसऱ्या नंबरला जातो, आणि त्यात काम आणि रक्कम लिहून उत्तर मागवते. नुसत्या अंगठ्यावर काम सुरू करत नाही.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस. हार्बर लाइन बंद, मिठी वर आलेली, नदीकाठच्या क्रांतीनगरातून लोकांना हलवलं. आमच्या गल्लीत पोटरीभर पाणी. लिफ्टवरच्या गाड्या वरच ठेवल्या, पिट भरला. राउटर मात्र जमिनीपासून फूटभर उंचीवर कोणी लावला होता? मीच.

टॅब माझ्या पिशवीत होता. आत सगळ्या ११ उभ्या गाड्यांच्या नोंदी, पाट्यांच्या फोटोंसकट. वीज नाही, नेट नाही, तरी कोणाची गाडी कुठवर आली ते घरून फोनवर सांगता आलं. बाबांनी या अ‍ॅपबद्दल पहिल्यांदा चांगलं काही म्हटलं, म्हणजे "असू दे" म्हटलं.

नवा राउटर आणि त्याला छोटा यूपीएस मिळून १,९०० रुपये. आता तो माळ्यावर, गठ्ठ्यांच्या शेजारी.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. आठवडाभर रोज १४-१५ गाड्या, सगळ्या कोकणात निघालेल्या. ब्रेक बघा, कूलंट बघा, एसी बघा, उद्या पहाटे निघायचंय. शुक्रवारपासून पोरांनी टॅब बाजूला ठेवून जुनं पुस्तक काढलं. मी ओरडले. मग मीच काउंटरवर चार गाड्या कागदावर घेतल्या, कारण रांग गेटपर्यंत होती.

घाईत एका गाडीची नोंद करायला किती वेळ लागतो ते मोजलं. कागदावर दीड मिनिट, अ‍ॅपमध्ये सहा. रकाने ३१ होते. गाडी आत घेताना लागणारे फक्त सात पहिल्या पानावर ठेवले, बाकीचे मागे ढकलले. स्टेपनी-जॅक-मॅटच्या टिकांऐवजी डिकीचा एक आणि आतला एक फोटो. आता दोन मिनिटं लागतात. ती अर्ध्या मिनिटाची ओढाताण राहणारच.

८ सप्टेंबर

ऑइलचं बॅरल. शीटप्रमाणे २१० लिटर संपलेलं. मामांनी बॅरल हलवलं तर आत डुचमळत होतं. मोजून काढलं, ११ लिटर.

आधी वाटलं, फायदाच झाला. मग पोटात गोळा आला. लिटरच्या रकान्याला मी पूर्ण आकडा ठेवला होता. साडेतीन टाकलं की अ‍ॅप लाल होतं, म्हणून पोरांनी चार टाकलं. बिल त्यावरूनच बनतं. म्हणजे २२ गाड्यांना आम्ही अर्धा लिटर न ओतता लावलं होतं. प्रत्येकी १९० आणि कर धरून २२४ रुपये. मुद्दाम केलं असतं तर याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

बाबांनी एकेकाला स्वतः फोन केला. क्रेडिट नोटा, म्हणजे बिलातली जास्तीची रक्कम परत देण्याचे कागद, काढल्या. एकूण ४,९३० च्या आसपास गेले. दोघांनी "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हटलं, एक गृहस्थ मात्र मागची सगळी बिलं घेऊन आले आणि तासभर बसून तपासून गेले. त्यांचा हक्कच होता. रकाना दशांशाचा केला. वीस सेकंदांचं काम.

२२ ते २४ सप्टेंबर

गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २२ तारखेपासून २८ चा १८ टक्के झाला. मजुरीवर आणि इंजिन ऑइलवर आधीही १८ च होता. सोपं वाटलं. सकाळी आठला सूत्रात २८ पुसून १८ लिहिलं आणि चहा घेतला.

सूत्र सगळ्या शीटला एकच. जुलै-ऑगस्टची जुनी बिलंही १८ टक्क्यांनी पुन्हा मोजली गेली. ऑगस्टचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) केव्हाच भरलेलं, आणि शीटमधली बेरीज त्याहून कमी दिसायला लागली. गिऱ्हाइकांना गेलेल्या पीडीएफ शाबूत होत्या, म्हणून वाचले. शीटची जुनी आवृत्ती परत आणली, पण त्यात सकाळच्या तीन गाड्या उडाल्या, त्या पाट्यांच्या फोटोंवरून भरल्या. दीड दिवस गेला.

आता दरांचं वेगळं पान आहे: कोणत्या मालाला, कोणत्या तारखेपासून, किती. बिलाची ओळ बनते त्या क्षणी दर आकडा म्हणून तिच्यात लिहिला जातो, नंतर हलत नाही. ज्या गाड्यांचं काम आधी सुरू झालं आणि बिल नंतर निघालं त्यांचं काय, हे स्वतः ठरवलं नाही. यादी सीएला पाठवली.

२ ऑक्टोबर

दसरा. पान्यांची पूजा, लिफ्टना झेंडूची तोरणं. पोरांनी टॅबही पाटावर मांडला होता. पाट्यांवर पेंटरने सरस्वती काढली, आणि उस्तादांनी ती दोन दिवस पुसू दिली नाही. दोन दिवस फोटो नाहीत.

१७ ऑक्टोबर

प्रत्येक गाडीला क्यूआरचं लॅमिनेट केलेलं बिल्ला-कार्ड, २५ नगांचे ६२० रुपये. आरशाला अडकवायचं, स्कॅन केलं की थेट त्या गाडीची नोंद. तीन आठवड्यांत नऊ कार्डं गिऱ्हाइकांबरोबर घरी गेली. एक पुण्याला आहे.

आता बिल्ला किल्लीला अडकवतो, कारण किल्ली बोर्डावरून काढून हातात देणारे बाबा असतात आणि ते काहीही फुकट देत नाहीत. या आठवड्यात एकही गेला नाही.

विम्याच्या गाड्यांना कागद राहणार. आमच्याकडे येणाऱ्या सर्व्हेअरना सही-शिक्क्याचा अंदाज हातात लागतो. तिथे वाद घालत बसले नाही, प्रिंट काढते.

१० नोव्हेंबर

सामानाचे झाले १०,१२०, त्यात ४५० च्या प्लास्टिकच्या पिशव्या मोबाइलसाठी, ज्या कोणी वापरत नाही. चुकांचे ८,३३०. माझ्या रात्री धरलेल्या नाहीत. अ‍ॅप चाचणीपुरतं फुकट होतं, कायमचं वापरायचं तर दर माणशी महिन्याला पैसे. दहा लॉगिन घ्यायची गरजच उरली नाही. टॅब हाताळतात चौघं, बाकीच्यांना पाटी पुरते.

आज सकाळी ती 'दिवाली में डालना' वाली गाडी आली. जुलैत कागदी गठ्ठ्यात दिसली तेव्हा मी त्यांचा नंबर लिहून ठेवला होता आणि दिवाळी झाल्यावर मेसेज टाकला होता. उस्तादांनी गाडी बघून सांगितलं, अजून दोन महिने चालेल. पाटीवर लिहिलं, 'संक्रांत'.

प्रेसवाल्याचा फोन येऊन गेला, पुस्तकं छापायची का म्हणून. दोन सांगितली, गणपतीसाठी. मागची बाजू कोरीच ठेवा म्हटलं.

राहिलेलं काम: मामांच्या रॅकला नंबर लावायचे. मामा म्हणतात, मला माहीत आहे कुठे काय आहे. ते खरंच आहे, आणि अडचण तीच आहे.